चलनावरचा फोटो आणि माझा फोन



दशलक्षण पर्व होऊन आता बरेच दिवस झाले. दरवर्षी पर्वानंतर मी प्रवचनात ऐकलेलं काहीतरी, नाहीतर पारण्याच्या पदार्थांबद्दल लिहिते. या वेळी एका चलनाबद्दल लिहिणार आहे. चलन म्हणजे वाहतूक पोलिसांचं, दंडाचं. तुम्ही म्हणाल, हिला गाडीचं काय सुचलं? मला तर कॉलेजात असताना चालवलेल्या सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही. तरीही हे चलन अर्धं माझ्या नावावर आहे. कसं ते सांगते.

त्या दिवशी शनिवार होता, पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जव. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात नवी मुंबईहून आमच्याकडे पुण्याला यायचे होते. आम्ही दोघं सूर्यास्तापूर्वी जेवतो, हे तुम्हाला माहीत आहे. मुलाचं तिकडे नोकरीमुळे जमत नाही, पण पर्वात आमच्या घरी आला की तोही दिवसाच जेवतो. मला त्याचं फार कौतुक. भाद्रपदात सूर्यास्त पावणेसातच्या आसपास असतो, म्हणजे सव्वासहाला पानं घ्यायला हवीत. पर्वात हिरवी भाजी नाही, म्हणून मुगाची आमटी, भात, शेंगदाण्याची चटणी आणि नातीसाठी शिरा एवढं करून ठेवलं होतं. राहिल्या होत्या फक्त भाकऱ्या. भाकरी तव्यावरून ताटात यायला हवी. आधी करून ठेवली तर कडक होते आणि उशिरा सुरू केली तर पाच माणसांच्या होईपर्यंत सूर्य मावळतो. म्हणून पीठ मळायला कधी घेऊ, एवढंच विचारायला मी मुलाला फोन लावला.

त्यानं उचलला नाही. मी परत लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला.

"आई, लोणावळा सोडलं. सव्वासहापर्यंत पोचतो."

"बरं बरं. छोटी झोपली का? तिला शिरा आवडतो ना अजून? आणि सावकाश ये हं."

सावकाश ये, असं मी म्हटलं. हे लक्षात ठेवा.

मंडळी सहा वाजून दहा मिनिटांनी आली. हातपाय धुऊन सगळे जेवायला बसले, साडेसहाला स्वयंपाकघर आवरलं आणि आम्ही आरतीला मंदिरात गेलो. त्या रात्री मी अगदी समाधानानं झोपले. आपण नियम पाळला, मुलाकडून पाळून घेतला, नातीला वळण लागलं, असं मनात होतं.

पुढच्या बुधवारी सकाळी ह्यांच्या मोबाईलवर एसएमएस आला. गाडीचा नंबर, चलनाचा नंबर आणि खाली एक लिंक. गाडी मूळची ह्यांची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ह्यांनी चालवणं सोडलं आणि गाडी मुलाला दिली, पण आरसी बुकावर अजून ह्यांचंच नाव आहे. हल्ली अशा खोट्या एसएमएसमधून लोकांची खाती रिकामी होतात, म्हणून ह्यांनी लिंक दाबली नाही. तुम्हीही दाबू नका. ह्यांनी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर आणि आरसी बुकातल्या चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले. चलन खरं निघालं. द्रुतगती मार्गावरचं होतं, गाडी चालवताना मोबाईल वापरल्याचं. आणि सोबत फोटो होता.

वरच्या कमानीवरून काढलेला तो फोटो ह्यांनी बोटांनी मोठा करून मला दाखवला. काचेतून आतलं स्वच्छ दिसत होतं. मुलाचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. शेजारी सूनबाई पट्टा लावून बसलेली, पण मान मागे वळवून. बहुतेक छोटीला पाणी देत असावी. नात मागच्या सीटवर असल्यानं फोटोत दिसत नव्हती. दिसत नसली तरी ती तिथे होती.

फोटोखाली तारीख होती, शनिवारची. वेळ होती १७.१४.

हे म्हणाले, "बघ तुझा मुलगा! मागे पोर बसलीय आणि हा शंभरच्या वेगात फोनवर गप्पा मारतोय."

आणि मी म्हटलं, "हो ना. अजिबात कळत नाही ह्या मुलांना."

मैत्रिणींनो, मी हे खरंच म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन माझा फोन उघडला. शनिवारी ५.१० चा माझा फोन, ५.१२ चा माझा फोन आणि ५.१४ चा माझा फोन. तिसरा चालला होता १ मिनिट ८ सेकंद. मी फोन पालथा करून ओट्यावर ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले. ह्यांना काही सांगितलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी मुलाला फोन करून चांगलं सुनावलं. स्पीकर सुरू होता, मी शेजारीच बसले होते. मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो बाबा, चूक झाली माझी. दंड मी आजच भरतो." बस, एवढंच. "आईचा फोन होता" असं तो बोलला नाही. "तिनं तीनदा लावला" असंही बोलला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर मी चार वाक्यं बोलून मोकळी झाले असते. त्यानं घेतलं नाही, म्हणून ते माझ्यापाशीच राहिलं.

मी १९८२ सालची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहिते आहे. कॉलेजात आम्हाला द्विनोंदी पद्धत शिकवणारे सर म्हणायचे, नावे नोंद एकटी कधी नसते, तिची जमा बाजू शोधा. ती सापडली नाही म्हणजे नसते असं नाही, तुम्ही नीट पाहिलेलं नसतं. त्या रात्री मला सरांची आठवण झाली. फोन उचलणाऱ्याची नोंद पोलिसांच्या वहीत झाली होती. फोन करणारीची नोंद कुठेच नव्हती.

आपल्याकडे मात्र ती होते. लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्या जणी शिकलोय. पाप तीन तऱ्हांनी लागतं, स्वतः केलं तर, दुसऱ्याकडून करवलं तर आणि केलेल्याला मान डोलावली तर. कृत, कारित आणि अनुमोदना. ते मनानं, वाणीनं किंवा कायेनं घडतं. ठरवणं, तयारी करणं आणि करणं अशा त्याच्या तीन पायऱ्या आणि मागे क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी एखादा कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे १०८. आपल्या जपमाळेचे मणी तेवढे का, याचं एक कारण हेच सांगतात. मी रोज ती माळ ओढते. तरी "करवणं" म्हणजे नोकराला मुंग्या मारायला सांगणं, असंच काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मुलाला भाकरीसाठी फोन करणं त्यात बसेल, असं कधी वाटलंच नाही.

आणि हिंसा तरी कुठे झाली, असंही मन म्हणत होतं. सगळे सुखरूप आले की. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आधी प्रमादाचा उल्लेख येतो, प्राण जाण्याचा नंतर. बेसावधपणा हे मूळ आहे. म्हणून तर आपले मुनी महाराज चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात. ती ईर्यासमिती. अनवाणी, हळूहळू चालणाऱ्या माणसालाही शास्त्रानं नजर जमिनीवर ठेवायला सांगितलंय, कारण पायाखाली किडामुंगी येईल. मग शंभरच्या वेगानं जाणाऱ्या हजार किलोच्या गाडीनं काय करावं?

मी हिशेब मांडला. सवयच आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे ३,६०० सेकंदांत १,००,००० मीटर. सेकंदाला साधारण २८ मीटर. "दोनच सेकंद बघितलं" असं मुलं म्हणतात तेव्हा गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. माझा फोन चालला ६८ सेकंद. म्हणजे जवळजवळ १,९०० मीटर. आमच्या घरापासून मंदिर एवढं लांब नाही! मी रोज सकाळी जेवढी वाट णमोकार म्हणत चालते, त्याहून जास्त वाट माझा मुलगा, सून आणि नात एका हातानं आणि अर्ध्या मनानं पार करत होते. कशासाठी, तर भाकरी कधी टाकायची.

सगळ्यात जास्त टोचलं ते पुढेच. रात्रीभोजन आपण का टाळतो? अंधारात बारीक जीव अन्नात पडतात, दिसत नाहीत, त्यांची हिंसा होऊ नये म्हणून. त्या न दिसणाऱ्या जिवांना जपण्याच्या घाईत मी मागच्या सीटवरच्या, फोटोत न दिसणाऱ्या माझ्या नातीला विसरले. नियम चांगलाच आहे, तो मी मरेपर्यंत पाळीन. पण त्या संध्याकाळी मी तो मुलाच्या डोक्यावर बसून पाळून घेत होते.

आता या कॅमेऱ्यांबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून आयटीएमएस नावाची व्यवस्था सुरू आहे. रस्त्यावरच्या कमानींवर कॅमेरे आहेत. ते वेग तर मोजतातच, पण सीटबेल्ट नसणं, चुकीच्या लेनमधून जाणं, चालवताना फोन कानाला लावणं असे १७ प्रकारचे नियमभंग टिपतात. पोलीस शिटी वाजवून थांबवत नाही. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चलन गाडीच्या मालकाच्या मोबाईलवर येतं. म्हणून मुलाची चूक बापाच्या फोनवर येते, तशी आमच्याकडे आली.

कायदाही कडक झालाय. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात हातात फोन धरून चालवणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलंय, कलम १८४. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभराची कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. रस्ता बघण्यासाठी फोनवरचा नकाशा वापरायला २०२० पासून परवानगी आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं.

माझी भाची सिडनीला असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे हे केव्हाच आलंय." तिच्या न्यू साउथ वेल्स राज्यात असे कॅमेरे २०१९ च्या डिसेंबरात लागले. जगात पहिल्यांदा तिथेच. पहिले तीन महिने नुसती समज देणारी पत्रं पाठवली आणि २०२० च्या मार्चपासून दंड सुरू केला. दंडाबरोबर लायसन्सवर पाच दोषगुण पडतात. नेहमीच्या लायसन्सला तीन वर्षांत तेरा गुण झाले की ते काही काळ बंद होतं. सिग्नलला उभं असताना फोन हातात घेतला तरी गुन्हा आणि नुसता मांडीवर ठेवला तरी गुन्हा. कॅमेरा वरून बघतो, त्यामुळे मांडीही दिसते. संगणक आधी फोटो चाळतो, संशय येईल ते माणसं तपासतात आणि ज्यात काही गैर नाही ते पुसून टाकतात. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. तो कॅमेरा ज्या कंपनीनं बनवला, तिच्या संस्थापकाचा एक मित्र २०१३ साली सायकलवरून जाताना बेसावध चालकाच्या गाडीखाली गेला होता. त्या दुःखातून हे काम उभं राहिलं.

"पण मावशी," ती म्हणाली, "इथेही कॅमेरा फक्त चालवणाऱ्याला पकडतो हं. फोन करणाऱ्याला नाही." मी तिला अजून काही सांगितलं नव्हतं. ती सहज बोलून गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग गाडीतल्या स्पीकरवर बोलावं. हात तर मोकळे राहतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो आणि हात मोकळे ठेवून बोललं तरी फारसा फरक पडत नाही. कारण हात मोकळे असले तरी मन गुंतलेलं असतं. हे आपल्याला नवीन नाही. हातात माळ आणि डोक्यात कुकरची शिट्टी, असा जप आपण सगळ्यांनी केलेला आहे.

आपल्या समाजाला तर हा विषय फार जवळचा आहे. विहारात रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या साधू-साध्वींना वाहनानं ठोकरल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, दोन दिवस चर्चा करतो. त्या वाहनाचा चालक काय करत होता, आपल्याला कळत नाही. पण त्या क्षणी त्यालाही घरून कोणीतरी "कुठे पोचलास?" विचारत नसेल कशावरून? आणि आपण स्वतः काय करतो? चौक्याचं सामान आणायला गेलेल्या मुलाला, तो दुचाकीवर आहे हे माहीत असून, चारदा फोन करतो. "नारळ घेतलेस का? दोन जास्त घे." आहाराची वेळ टळायला नको, हा भाव चांगला असतो. माझाही भाव चांगलाच होता.

पर्व संपायच्या आदल्या रात्री मी ह्यांना सांगितलं. आर्जवाच्या दिवशीची गोष्ट आणि मी कपट करून बसले होते, हे मला सहन होईना. मनात एक, बोलण्यात एक आणि करण्यात तिसरं, असं नसावं, हेच त्या दिवसाचं प्रवचन होतं. मी स्वतः ऐकलं होतं, पहिल्या रांगेत बसून! कॅमेऱ्यानं पकडलं तर तो दंड. आपण आपण होऊन सांगितलं तर ती आलोचना. मला कॅमेऱ्यानं पकडलं नव्हतं, म्हणून सांगणं जास्तच गरजेचं होतं.

फोनमधली नोंद ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी चष्मा लावून वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्याला उगाच एवढं बोललो." आणि थोड्या वेळानं, "मीही तुला म्हणालो होतो की, विचार जरा त्याला कुठे पोचलाय. आठवतं?" मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. म्हणजे अनुमोदनेचा रकानाही भरला.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून फोन वाजत होता. दरवर्षी मीही शंभरेक जणांना तोच एक मेसेज पाठवते, हात जोडलेल्या चित्राचा. मुलालाही तोच जातो. त्या दिवशी मी त्याला सकाळी काही पाठवलं नाही. तो ऑफिसला जायच्या वाटेवर असणार होता. रात्री साडेआठला फोन लावला आणि आधी विचारलं, "गाडीत नाहीस ना?" तो घरी होता. मग म्हटलं, "आर्जवाच्या दिवशी मी तुला तीन वेळा फोन केला. त्याची क्षमा माग म्हणतंय मन. उत्तम क्षमा."

तो गप्प झाला. मला वाटलं, आता हसेल. तो म्हणाला, "आई, मी पहिले दोन उचलले नव्हते. तिसरा उचलला, कारण मला माहीत होतं, नाही उचलला तर तू घाबरणार. मग बाबांना उठवणार, मग हिला फोन करणार. मामाचं तुझ्या डोक्यातून जात नाही, मला माहीत आहे."

हे मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. १९९१ साली माझा धाकटा भाऊ मिरजेहून आमच्या गावी मोटरसायकलवर येताना गेला. तेव्हा घरात फोन नव्हता. आई रात्रभर बस्तीच्या बाजूच्या दारात बसून होती आणि पहाटे माणसं आली. तेव्हापासून घरातलं कोणी बाहेर असलं की माझा जीव दारात बसलेला असतो. मोबाईल आला तेव्हा मला वाटलं, आता कोणाला असं रात्रभर बसावं लागणार नाही. तो आधार मी इतका घट्ट धरला की मुलगा रस्त्यावर असताना त्याच्या हातात मीच फोन दिला. ज्या भीतीपोटी मी फोन करत होते, ती खरी करायचा रस्ता तोच होता.

त्याला मी म्हटलं, "यापुढे मी घाबरले तरी उचलू नकोस." तो म्हणाला, "तू लावू नकोस, ते सोपं आहे." खरं आहे त्याचं.

दंडाची अर्धी रक्कम मी माझ्या साठवलेल्या पैशांतून पाकिटात घालून त्याला दिली. नको नको म्हणत होता. मी म्हटलं, घे, माझी वही जुळू दे.

आता आमच्या घरात काय ठरलंय ते सांगते, तुम्हाला पटलं तर घ्या.

निघताना सूनबाई एक मेसेज टाकते, "निघालो". पोचल्यावर एक, "पोचलो". मधला वेळ माझा नाही. वाटेत काही निरोप असेल तर तो सूनबाईला, चालवणाऱ्याला नाही. मुलगा एकटाच असला तर वाट बघायची. तो चहाला थांबला की त्याला वाटलं तर करतो.

कोणालाही फोन केला की पहिला प्रश्न, "गाडीवर आहेस का?" हो म्हणाला की लगेच ठेवायचा, "बरं, एवढंच सांगते" असं न म्हणता. दूधवाला, भाजीवाला, गॅसचा माणूस, शाळेच्या व्हॅनचे काका, सगळ्यांना हे लागू. व्हॅनच्या काकांना तर विशेष, कारण त्यांच्या मागे दहा घरांची पोरं बसलेली असतात आणि प्रत्येक पोराची आई फोन करते.

महिला मंडळातही मी विषय काढला. चौक्याच्या दिवशी सामानाची यादी आदल्या रात्री लिहून द्यायची, गेलेल्या माणसाला फोन करायचा नाही. नारळ कमी पडला तर कमी पडला. दोघीतिघींनी नाकं मुरडली, पण आता यादी लिहिली जाते.

आणि भाकरीचा प्रश्न? मंडळी येणार असली की मी दुपारीच दशम्या करून ठेवते. दूध घालून मळलेलं पीठ, मऊ राहतात, कधीही खाता येतात. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

गेल्या शनिवारी ते परत आले. आता दिवस लहान झालाय, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाच वाजले तरी पत्ता नव्हता. हात दोनदा फोनकडे गेला. मग फोन ह्यांच्याकडे दिला आणि माळ घेऊन बसले. एक माळ झाली, दुसरी झाली. जप कसला, कान सगळा जिन्याकडे. आम्ही दोघं वेळेत जेवून घेतलं. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी बेल वाजली. घाटात रांग लागली होती म्हणे.

सूर्यास्त होऊन गेला होता. मी वाढायला उठले नाही, टेबलावर दशम्या, चटणी आणि दूध झाकून ठेवलेलं होतं, ते त्यांनी आपापलं घेतलं. करून झाकून ठेवणं म्हणजेही करवणंच, ही पळवाट आहे, हे मला कळतं. तो मणी मी माझ्याच माळेत ओवला आहे. माताजींपुढे जाऊन त्याचं प्रायश्चित्त घेईन. पण नातीनं दशमीचा तुकडा दुधात बुडवून माझ्या मांडीवर बसून खाल्ला, तेव्हा वाईट काही वाटलं नाही.

तुमच्या घरीही कोणी ना कोणी आत्ता रस्त्यावर असेल. त्याला पोचू द्या.

जय जिनेंद्र.